वरून काढलेले फोटो आणि मी लिहिलेल्या समाध्या

आमच्या भागातल्या माणसाला त्याचं गाव विमानातून काढलेल्या फोटोत दाखवलं, की तो आधी स्वतःचं घर शोधत नाही. शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, कुठवर सरकला आहे ते पाहतो. घर त्यानंतर. म्हणून फोटो टेबलावर ठेवायच्या आधीच मी विचारून घेते, "शेजारी कोणत्या अंगाला आहे?" लोकांना वाटतं म्हातारी मनातलं ओळखते. म्हातारी फक्त पुष्कळ वर्षं टेबलामागं बसलेली आहे.

जुने हवाई फोटो लोकांना सापडतील असे ठेवायचे, एवढंच माझं आयुष्यभराचं काम. सौंसरच्या एका वाचनालयात सुरुवात झाली, तिथूनच निवृत्त झाले. मग पांढुर्णा जिल्हा झाला, फोटोंच्या पेट्या नव्या जिल्ह्याच्या जागी आल्या आणि पेट्यांमागोमाग मलाही बोलावणं आलं. "बाई, दोन महिन्यांत यादी करून द्या." ते दोन महिने अजून चालू आहेत. सून म्हणते, चालू राहू द्या, घर शांत असतं.

हा फोटो असतो हातरुमालाएवढा, चौकोनी, काळापांढरा. भोवती काळी किनार, तिच्यात क्रमांक आणि घड्याळाचं इवलंसं चित्र. विमान सरळ रेषेत जातं, ठरावीक अंतरानं कॅमेरा उघडतो, आणि प्रत्येक फोटो आधीच्या फोटोतला अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा घेतो. पाहणाऱ्याला वाटतं, केवढी उधळपट्टी. पण आपले दोन डोळे एकच वस्तू दोन जागांवरून पाहतात म्हणून तर आपल्याला खोली कळते. तसेच हे शेजारशेजारचे दोन फोटो. स्टिरिओस्कोप नावाचा दोन भिंगांचा स्टँड असतो, त्याच्याखाली ते बाजूबाजूला ठेवले की जमीन कागदातून उठून बसते. टेकडी वर येते, नाला खाली जातो. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास बोट पुढं करतो, टेकडीला हात लावायला.

गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. पांढुर्ण्याचा एक गृहस्थ आणि सावरगावचा एक, जाम नदीच्या आमनेसामनेचे, दोघं मिळून आले आणि नदीचा काठ कोणाचा मोठा हे पट्टीनं मोजत अर्धा दिवस बसले. पट्टी माझी. एक भाविक जामसांवलीचा फोटो मागायला आले. मी देवळाचं छप्पर दाखवलं. "अन् मारुती?" म्हणाले. म्हटलं, मारुती आत आहे, विमान वर होतं. ते म्हणाले, "मंग कायले काढला फोटो?" एक निवृत्त मास्तर एक आंब्याचं झाड शोधायला आले. लहानपणी आंबे चोरताना पकडून त्यांना त्याच झाडाला बांधलं होतं. झाड सापडलं. मास्तर फार खूश झाले, मोठी प्रत घेऊन गेले, बैठकीत लावतो म्हणाले.

यातला एकही माणूस क्रमांक घेऊन येत नाही. 'आमच्या मामाचा मळा' असं म्हणत येतो. क्रमांकापासून मामाच्या मळ्यापर्यंत रस्ता बांधणं, हीच आमची विद्या. एका मोठ्या नकाशावर प्रत्येक फोटोचा चौकोन आखायचा, गावांची यादी करायची, नाले, देवळं, पांदणी यांची वेगळी. पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी गाडीवाट. आता बरंचसं स्कॅन करून संगणकावर टाकलंय, बोट फिरवलं की मोठं होतं. पण बोट कुठं फिरवायचं हे रजिस्टरच सांगतं. आणि रजिस्टर कोणी लिहिलं? मी. म्हणजे बावीस वर्षांच्या मी. त्या मुलीला मी आज नोकरीवर घेतलं नसतं.

झालं असं होतं. सौंसरला पाणी-जमिनीच्या पाहणीचं एक छोटं कार्यालय होतं, ते उठलं. जाताना फोटोंच्या लोखंडी पेट्या वाचनालयात ठेवून गेलं, कारण आमच्याकडे कुलपाचं कपाट होतं. पेट्यांवर 'गोपनीय' असा शिक्का. पुढं वरून पत्र आलं की फोटो आता लोकांना पाहायला मोकळे आहेत, पण तोवर मी ते असे राखले की सरपंचांनासुद्धा स्वतःचं गाव पाहू दिलं नाही. पत्र आल्यावरही वर्षभर नाही दिलं. सवय लागली होती.

पेट्या सोपवायला त्या कार्यालयातले म्हातारे नकाशेकार आले होते. त्यांनी जाता जाता दोन गोष्टी सांगितल्या. एक, फोटो ज्या क्रमानं आहेत तो क्रम मोडू नका. दोन, फोटो पाहताना असा धरा की सावल्या आपल्याकडे पडतील. आपल्या डोळ्याला उजेड वरच्या बाजूनं यायची सवय असते. आपल्याकडे सूर्य दक्षिणेला राहतो, सावली पडते उत्तरेला. फोटो उत्तर वर करून धरला की उजेड खालून आल्यासारखा होतो, आणि डोळा फसतो. खड्डा उंचवटा दिसतो, उंचवटा खड्डा.

मला भूगोलात पैकीच्या पैकी गुण होते. उत्तर दिशा वर असते हे मला या गृहस्थांकडून शिकायचं नव्हतं. मी सगळे फोटो उत्तर वर करून ठेवले. क्रम मोडला, गावाच्या नावाप्रमाणे अकारविल्हे गठ्ठे बांधले, कारण ते फार देखणं दिसत होतं. मग रजिस्टर काढलं. ग्रंथपाल म्हणाले होते, क्रमांक आणि गावाचं नाव एवढंच लिहा. पण माझं अक्षर सुंदर होतं आणि कल्पनाशक्ती दुथडी भरून वाहत होती. भिंगातून तिळाएवढा गोल उंचवटा दिसला की मी लिहायची, 'प्राचीन समाधीचा चौथरा'. एका खेड्यात मी नऊ समाध्या लिहिल्या. त्या गावात इतके थोर लोक मेले कसे, आणि जिवंतपणी त्यांचं नाव कोणी का ऐकलं नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

आता चंद्रभागाबाई.

गेल्या उन्हाळ्यात त्या आल्या. सौंसरपलीकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतल्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, पाठीचा कणा माझ्याहून ताठ. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या फोटोत इहीर दिसते का?"

"कोणती विहीर?"

"आमची. माह्या सासऱ्यानं अन् साऱ्या वस्तीनं खांदली होती. गावच्या इहिरीवर आमाले पाणी भरू देत नव्हते तवाची गोष्ट. मी लग्न होऊन आली तं पयलं काम तेच, त्या इहिरीचं पाणी काढणं."

मग वस्ती सडकेच्या अलीकडे आली, सरकारी नळ आला, विहीर मागं राहिली आणि बुजली. आता उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, टँकरची वाट पाहायची. वस्तीनं ठरवलं, जुनी विहीर उपसायची, ती कधी आटली नव्हती. जुन्या सरकारी कागदात, ती होती त्या वावरात 'सार्वजनिक विहीर' अशी नोंदही आहे. पण त्या वावराचे पुढं तीन तुकडे झाले. विहीर तिघांपैकी कोणाच्या तुकड्यात, ते कागद सांगत नाही. ज्या तुकड्यात ती होती असं चंद्रभागाबाई सांगत होत्या, तिथं आता वसंतराव नावाच्या गृहस्थांचा संत्र्याचा बगीचा. त्यांच्या तुकड्यात गोल दगडांचं एक कडं आहे खरं, पण ती विहीर नव्हे, एका बाबाची समाधी आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि बगीच्याला तारेचं कुंपण घालायचं काम निघालेलं. पुढच्या गुरुवारी नायब तहसीलदार जागेवर येणार होते. जे ठरायचं ते त्या दिवशी.

"समाधी म्हणते तो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कागद बी आहे म्हणे त्याच्यापाशी. सरकारी."

"कोणता कागद?"

"मले काय माहीत. तुमचाच आहे म्हणे. सौंसरच्या वाचनालयाचा."

मी रजिस्टर काढलं. गाव शोधलं, नऊ समाध्यांचं तेच खेडं. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'गावाच्या पूर्वेस प्राचीन समाधीचा चौथरा.' खाली माझी सही, तिच्याखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तेव्हा मी अशीच सही करायची. समोर बारीक नोंद, की वसंतरावांच्या वडिलांनी या उताऱ्याची नक्कल नेली.

त्यांच्या वडिलांनी ते वावर विहीर बुजल्यानंतर विकत घेतलेलं. त्यांना दिसलं फक्त दगडांचं कडं. हे काय असेल म्हणून बिचारे वाचनालयात विचारायला आले, आणि एका शिकलेल्या मुलीनं त्यांना लेखी कळवलं की समाधी आहे. त्यांनी घरी जाऊन शेंदूर लावला. म्हणजे तो बाबा मीच जन्माला घातला होता.

मी फोटो काढला आणि सावल्या माझ्याकडे येतील असा फिरवला. तिळाएवढा तो गोल भिंगाखाली बटणाएवढा झाला, आणि बघता बघता खाली गेला. मग हिशेबानंही पाहिलं. चौथरा असता तर त्याची सावली बाहेर, उत्तर-पश्चिमेला पडली असती. इथं काळी कोर गोलाच्या आत होती, दक्षिण-पूर्वेच्या कडेला. सावली आत पडते ती फक्त खड्ड्याची.

चंद्रभागाबाईंना सांगावं की नाही, असं एक क्षण मनात आलं. हे कबूल करते. चूक फोटोची म्हणून खपली असती. पण त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की मी म्हटलं, "विहीर आहे. समाधी मी लिहिली होती. चुकून."

"तुमी?"

"हो."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. "दिसता तं हुशार," म्हणाल्या.

वसंतरावांना मी निरोप पाठवला. ते दुसऱ्याच दिवशी आले, साठीचे, सभ्य, नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. मी त्यांना संगणकावर फोटो फिरवून दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिलं.

"बाई, पुन्हा आधीसारखा करा."

केला.

"आता समाधी दिसून राहिली. फिरवा."

फिरवला.

"आता इहीर. असा फिरला की पलटणारा कागद मी काय म्हणून मानू? माझ्या वडिलांनी त्या बाबाले कधी विसरलं नाही. आमची आई बिमार होती तवा तिथंच बसून राहत होते." मग म्हणाले, "अन् तवा बी तुमीच सांगितलं होतं, आता बी तुमीच सांगून राहिल्या. कोणत्या बाईचं खरं धरू?"

माणूस बरोबर बोलत होता. एका फोटोवर डोळा फसतो. दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली नीट लावले तर जमीन फसवत नाही, ती खरोखर वर येते किंवा खाली जाते. म्हणजे मला त्याच रांगेतला शेजारचा फोटो हवा होता, पुढच्या क्रमांकाचा. म्हाताऱ्या नकाशेकारांनी ठेवलेला क्रम असता तर हात घातला की मिळाला असता. पण तो क्रम एका देखण्या अकारविल्ह्यानं केव्हाच गिळला होता.

तो क्रमांक रजिस्टरातही नव्हता, संगणकावरही नव्हता, म्हणून शुक्रवार ते मंगळवार मी गठ्ठे सोडत होते. रविवारीही किल्ली मागून घेतली. आसपासच्या गावांचे गठ्ठे पाहिले, लांबच्या गावांचे पाहिले. चंद्रभागाबाई रोज बसने येत, कोपऱ्यातल्या बाकावर बसत, जेवायच्या वेळी फडक्यातली भाकर सोडत.

"सापडला?"

"नाही अजून."

"हे गठ्ठे कोणं बांधले?"

"मीच."

"हाव का," एवढंच म्हणून त्या भाकरीचा तुकडा माझ्याकडे सरकवत. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी चार वाजता तो सापडला. 'किरकोळ' असं लिहिलेल्या गठ्ठ्यात. मागं पेन्सिलीनं शेरा होता, त्याच सुंदर अक्षरात: 'नुसती शेतं. विशेष काही नाही.'

बुधवारी दोघंही आले. मी फोटो स्टँडखाली लावले, रेषेत आणले. आधी मी पाहिलं, आणि बाजूला झाले. मग चंद्रभागाबाईंना म्हटलं, पाहा. त्या म्हणाल्या, "मी कायले पाहू, मले माहीत आहे. त्याले दाखवा."

वसंतराव वाकले. सुरुवातीला कोणालाच दिसत नाही, दोन चित्रं वेगवेगळी तरंगत राहतात. मी म्हटलं, घाई करू नका, डोळे सैल सोडा, आधी लांबची टेकडी पाहा. ते तसेच वाकून राहिले. बराच वेळ. त्यांच्या मानेवरून मला कळलं की जमीन उठली. मग त्यांचं बोट नकळत पुढं आलं, तिथंच थांबलं.

"खोल आहे," ते म्हणाले.

"मंग?" बाकावरून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "इतके दिवस मी काय रामायण सांगून राहिली होती?"

"मावशी, आमाले माहीत नव्हतं न."

"तुले कुठून माहीत असन. तुह्या बापाले बी नव्हतं. जिले माहीत पाहिजे होतं तिनं समाधी लिहिली."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी स्टिरिओस्कोपची भिंगं पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

गुरुवारी जागेवर मीही गेले. नायब तहसीलदार तरुण होते. म्हणाले, फोटो पाहून माझी खात्री पटली, पण नुसत्या फोटोवर नोंद करता येत नाही. समोरच्याची हरकत असेल तर सुनावणी होईल, तारखा पडतील. म्हणजे हा उन्हाळा गेला आणि बहुतेक पुढचाही. मग ते वसंतरावांकडे वळले. वसंतराव त्या शेंदूर लावलेल्या कड्याजवळ उभे होते. त्यांनी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "लिहा साहेब. इहीर आहे. हरकत नाही. कुंपण मी इकडून वळवतो, पांदण मोकळी ठेवतो."

वस्तीतल्या माणसांनी त्याच दुपारी फावडी घातली. हातभर मातीखाली काठाचा एक दगड लागला, दोरानं घासून घासून त्याला खोल खाचा पडलेल्या. वसंतरावांनी स्वतः खाली बसून हातानं त्यातली माती काढली. गाळ अजून उपसून राहिले आहेत, हे लिहिते तोवर ओल लागली आहे. मी मात्र त्या गावातल्या उरलेल्या आठ समाध्या तपासायला घेतल्या. आतापर्यंत पाच विहिरी, एक चुन्याची भट्टी. दोन पाहायचं धाडस होत नाहीये.

दुरुस्ती करायची राहिली होती. रजिस्टरात खोडरबर, पांढरी शाई चालत नाही. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही, तारीख. पुढच्या माणसाला चूकही कळली पाहिजे आणि कोणाची तेही. मी रेघ मारली. लिहिलं, 'समाधी नव्हे. विहीर.' वसंतरावांनी त्याची नक्कल मागून घेतली आणि जुन्या नकलेच्याच पिशवीत ठेवली. मी म्हटलं, जुनी फेका आता. म्हणाले, "राहू द्या. वडिलांच्या हातची घडी आहे."

चंद्रभागाबाईंना मी फोटो मोठा करून दिला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तो नीट पाहिला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग विहिरीच्या काठाशी नख टेकवलं.

"हे मी."

तिथं एक काळा ठिपका होता. विमान इतक्या उंचावरून जातं की बैलगाडी दिसली तरी नशीब, माणूस दिसत नाही. झुडूप असेल, काठावरचा दगड असेल, फिल्मवरचा कण असेल. मी हे सगळं त्यांना सांगितलं, शक्य तितक्या हळू.

"झुडूप नव्हतं तिथं," त्या म्हणाल्या. "सकाळच्याला मीच राहत होती. सासू म्हणे, नवी आहे, जाऊ दे तिले. किती वाजले होते फोटो काढला तवा?"

किनारीतल्या इवल्या घड्याळात नऊ वाजून काही मिनिटं झाली होती. सांगितलं.

"मंग मीच."

बावीस वर्षांची असते तर मी लिहिलं असतं, 'पाणी भरणारी नववधू', आणि खाली दोन टिंबं दिली असती. मी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. नोंदीच्या शेवटी लिहिलं: 'विहिरीच्या काठावर एक ठिपका. काय आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. त्या वेळी या विहिरीवर पाणी भरणाऱ्या चंद्रभागाबाई म्हणतात, तो ठिपका त्या स्वतः आहेत.'

मग त्यांना वाचून दाखवलं.

"म्हणतात काय," त्या म्हणाल्या. "आहोच." आणि रजिस्टर स्वतःकडे ओढून त्या ओळीखाली सावकाश, अक्षर अक्षर जुळवत, त्यांनी आपली सही केली.